तीनच ओढतो, मग चालेल ना?

हृदय आणि तंबाखू या विषयावर वाचकांचे प्रश्न मागवले, तेव्हा सिगारेटचीच पत्रं येतील असं वाटलं होतं. आली ती विडीची, मळलेल्या तंबाखूची आणि मिश्रीचीही. यात नवल नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी २४.४ टक्के लोक बिनधुराची तंबाखू वापरताना आढळले, तर धूर काढणारे निघाले ३.८ टक्के. दवाखान्यात मात्र बहुतेक वेळा ‘स्मोकिंग करता का?’ एवढंच विचारलं जातं आणि रोज चार वेळा मिश्री लावणारी बाई अगदी खरेपणानं ‘नाही’ म्हणते.

प्रश्न : वय ४४. रोज एक पाकीट संपायचं, ते वर्षभरात तीन सिगारेटींवर आणलं. सकाळी चहाबरोबर एक, जेवणानंतर एक, रात्री एक. आता हृदयाचा धोका नगण्य झाला असं समजायचं का? (नाशिक)

नाही. आणि हे उत्तर तुम्हाला आवडणार नाही, कारण वीसवरून तीनवर येणं हे खरोखरच कष्टाचं काम आहे.

फुप्फुसाच्या कर्करोगाचा हिशेब साधारण संख्येप्रमाणे चालतो. ओढणं कमी झालं की धोकाही बराचसा त्याच मापानं उतरतो. हृदयाचा हिशेब तसा नाही. २०१८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १४१ दीर्घकालीन पाहण्यांची एकत्रित छाननी प्रसिद्ध झाली. दिवसाला वीस ओढणाऱ्या पुरुषांत हृदयविकाराचा धोका न ओढणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट होता आणि फक्त एक ओढणाऱ्यांत जवळपास दीडपट. म्हणजे एकोणीस सोडूनही निम्मा जादा धोका जागच्या जागी राहतो.

कारण हृदयविकाराच्या झटक्यात घात करते ती रक्ताची गुठळी. रक्तवाहिनीला आतून एक अतिशय पातळ, गुळगुळीत अस्तर असतं. धुरातली रसायनं ते खरवडतात आणि रक्तातल्या प्लेटलेट चिकट होतात. या दोन्ही गोष्टी घडायला धूर फार लागत नाही. थोड्या धुरातच परिणाम बराच वर चढतो, पुढे सिगारेटी वाढल्या तरी त्या मानानं कमी वाढतो. शिवाय तीनवर आलेला माणूस त्या तीन कशा ओढतो तेही बघा. झुरके खोल, धूर आत धरून ठेवलेला आणि थोटूक पार फिल्टरपर्यंत जळालेलं. शरीर आपलं निकोटिन वसूल करतंच.

तुमच्या बाजूची गोष्ट अशी, की तीन ओढणाऱ्याला शून्यावर येणं वीसवाल्यापेक्षा सोपं असतं. तिन्ही सिगारेटींच्या वेळा ठरलेल्या आहेत, म्हणजे लढाईच्या जागाही तीनच. मात्र आणखी घटवत बसू नका, येत्या दोन आठवड्यांतली एक तारीख धरा. जेवणानंतरची सर्वात सोपी, तिच्या वेळी पानावरून उठा आणि दात घासा. सकाळच्या सिगारेटीसाठी चहाची जागा बदला. गॅलरीत चहा-सिगारेट होत असेल तर चहा स्वयंपाकघरात उभ्यानं प्या. तल्लफ तीन ते पाच मिनिटं टिकते आणि आपोआप उतरते. तेवढा वेळ हात आणि तोंड गुंतलेलं हवं. आणि टपरीवर थांबू नका. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुट्टी सिगारेट विकायला बंदी आहे, पण टपरीवरची लायटरची दोरी अजून लोंबकळते आहेच.

प्रश्न : आमच्या ह्यांना पाच महिन्यांपूर्वी अटॅक आला, एक स्टेंट टाकला. आता पुन्हा चार-पाच ओढतात. म्हणतात, ‘नळी साफ केलीय, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, आता काय होतंय?’ गोळ्यांनी सिगारेटचा परिणाम मारला जातो का? (सांगली)

मारला जात नाही. ‘नळी साफ केली’ हा शब्दच घोटाळा करतो. अँजिओप्लास्टीत काही खरवडून बाहेर काढत नाहीत. फुग्यानं चरबीचा थर बाजूला दाबतात आणि तो पुन्हा पुढे येऊ नये म्हणून धातूची जाळी, म्हणजेच स्टेंट, बसवतात. ही जाळी साधारण दोन-तीन सेंटिमीटरची. हृदयाच्या बाकीच्या रक्तवाहिन्या होत्या तशाच आहेत आणि धूर त्या सगळ्यांतून फिरतो.

जाळीच्या उघड्या तारांवर शरीर हळूहळू स्वतःचं अस्तर चढवतं. त्याला काही महिने लागतात. ते पूर्ण होईपर्यंत तारांवर गुठळी धरण्याची भीती असते, म्हणूनच अ‍ॅस्पिरिन आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर अशा दोन गोळ्या, अटॅकनंतर सहसा वर्षभर. या गोळ्या प्लेटलेट चिकटण्याच्या दोन वाटा अडवतात. धूर बाकीच्या वाटांनी त्यांना चेतवतो, गुठळीचं जाळं विणणारं फायब्रिनोजेन रक्तात वाढवतो आणि अस्तर चढण्याचं कामही मंदावतो. एका हातानं कुलूप लावायचं आणि दुसऱ्या हातानं खिडकी उघडायची, असा प्रकार. म्हणून गोळ्या सोडू मात्र नका. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, कारण मधेच बंद केलेली गोळी आणि चालू असलेली सिगारेट ही जोडी सर्वात वाईट.

त्यांना एक आकडा दाखवा. हृदयविकार झाल्यावर सिगारेट सोडणारे आणि न सोडणारे यांची तुलना करणाऱ्या वीस अभ्यासांची छाननी २००३ मध्ये झाली. सोडणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण सुमारे ३६ टक्क्यांनी कमी होतं. त्यांच्या डब्यातली कुठलीही एक गोळी इतकं करत असेल असं वाटत नाही.

घरात भांडून उपयोग नाही, मग ते गच्चीवर जाऊन ओढतात एवढंच. पुढच्या तपासणीला दोन गोष्टी लिहून न्या. दिवसाला किती ओढतात आणि उठल्यापासून पहिली किती मिनिटांत पेटते. औषध यावरून ठरतं. अटॅकनंतरचे पहिले दोन आठवडे, छातीत वारंवार दुखणं किंवा ठोक्यांची गंभीर गडबड असेल तर निकोटिनची पट्टी किंवा गम डॉक्टर जपून देतात. पाच महिन्यांनी तब्येत स्थिर असेल तर सहसा अडचण येत नाही. पट्टीत निकोटिन असलं तरी कार्बन मोनॉक्साइड नाही, धूर नाही आणि निकोटिन एकदम उसळी न घेता हळूहळू चढतं.

दुसरा पर्याय व्हॅरेनिक्लिन. सिगारेट सोडायला मदत करणारी ही गोळी चिठ्ठीवरच मिळते. पहिले तीन दिवस अर्धा मिलिग्रॅम एकदा, चौथ्या ते सातव्या दिवशी अर्धा मिलिग्रॅम दोनदा, आठव्या दिवसापासून एक मिलिग्रॅम दोनदा, एकूण बारा आठवडे. पहिल्या आठवड्यात सिगारेट चालू राहिली तरी चालतं, सोडायची ती आठव्या दिवशी. मळमळ बऱ्याच जणांना होते, म्हणून जेवल्यावर भरपूर पाण्याबरोबर घ्यायची. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्रा कमी करावी लागते, तेव्हा क्रिएटिनिनचा रिपोर्ट फाइलमध्ये असू द्या.

प्रश्न : विडीत कागद नाही, रसायन नाही, तेंदूचं पान आणि चिमूटभर तंबाखू. सिगारेटपेक्षा बरी ना? (भंडारा)

चिमूटभर हे खरं. एका विडीत सिगारेटच्या मानानं पाव भागाच्या आसपासच तंबाखू असते. पण तेंदूचं पान सिगारेटच्या कागदासारखं हवा घेत नाही. झुरका थांबला की विडी विझते, म्हणून ओढणारा तिला सतत आणि जोरात ओढत राहतो. पानातून हवा कमी जात असल्यानं जळणं अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड जास्त तयार होतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. म्हणजे हृदयाचे ठोके निकोटिननं वाढलेले आणि ऑक्सिजन तुटपुंजा. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात विडी ओढणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका जवळपास तिप्पट आढळला, म्हणजे सिगारेटइतकाच.

विडी ओढणाऱ्यांनी पायांकडेही बघावं. चालताना पोटरी किंवा तळवा दुखून थांबावं लागतं, थांबलं की बरं वाटतं, पायाचं बोट थंड किंवा निळसर पडतं, नखाजवळची जखम महिना झाला तरी भरत नाही. ही लक्षणं चाळिशीच्या आतल्या विडीबहाद्दरात दिसली तर ‘बर्जर’ नावाचा आजार असू शकतो. त्यात हातापायांच्या लहान रक्तवाहिन्या गुठळ्यांनी बंद होत जातात. तंबाखू पूर्ण सुटली तर बोटं वाचण्याची शक्यता चांगली असते. रोजच्या एक-दोन विड्या चालू ठेवल्या तरी आजार पुढे सरकतो आणि बोट, मग पाऊल असं कापत जावं लागतं. मलम लावत बसू नका, पायाच्या नाड्या तपासून घ्या.

प्रश्न : सासूबाई वय ६३, दिवसातून चार-पाच वेळा मिश्री लावतात. बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत तरी वरचा आकडा १६० च्या खाली येत नाही. मिश्री दाताला लावतात, गिळत नाहीत. तिचा बीपीशी संबंध असेल का? सोडा म्हटलं तर म्हणतात, त्याशिवाय पोट साफ होत नाही. (चिपळूण)

संबंध असू शकतो. तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू म्हणजे मिश्री. भाजल्यानं तिच्यातलं निकोटिन नाहीसं होत नाही. ते गिळावं लागत नाही, हिरड्या आणि गालाच्या आतल्या त्वचेतून थेट रक्तात जातं. दहा-पंधरा मिनिटं बोट फिरवत ओसरीवर बसलं की तेवढा वेळ नाडी आणि रक्तदाब दोन्ही चढलेले राहतात. दिवसात पाच वेळा म्हणजे पाच चढ. तंबाखूत चुना मळणाऱ्यांच्या बाबतीत हे आणखी वेगानं होतं. चुन्यानं तोंडातला ओलावा अल्कधर्मी होतो आणि त्यात निकोटिन पटकन शोषलं जातं. चुना नुसता चवीला नसतो, तो निकोटिनची दारं उघडतो. ‘इंटरहार्ट’मध्ये तंबाखू चघळणाऱ्यांत झटक्याचा धोका दुपटीहून थोडा जास्त निघाला.

आधी बीपी नीट मोजा. मोजण्यापूर्वी अर्धा तास मिश्री नाही, चहा नाही. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसणं, दंड हृदयाच्या पातळीला, एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा. असं आठवडाभर सकाळ-संध्याकाळ लिहून काढा. मिश्री लावून लगेच मोजलेल्या आकड्यावर तिसरी गोळी सुरू होणं काही अशक्य नाही, म्हणून डॉक्टरांना मिश्रीचं सांगाच. ‘व्यसन आहे का?’ असं विचारलं तर त्या नाही म्हणतील, त्यांच्या लेखी ते दात घासणं आहे.

पोटाचं म्हणणं खरं आहे. निकोटिन आतड्याला ढकलतं, म्हणून सोडल्यावर दोन-तीन आठवडे बद्धकोष्ठ होतं आणि बहुतेक बायका इथेच हरतात. मिश्री सोडायच्या आदल्या रात्रीपासूनच इसबगोल दोन चहाचे चमचे पेलाभर पाण्यात, आणि सकाळी उठल्यावर पेलाभर कोमट पाणी. (हृदय कमजोर असल्यानं डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल, तर आधी त्यांना विचारा.) एकदम जमत नसेल तर आधी दुपारची आणि संध्याकाळची बंद, सकाळची शेवटी, पण हे सगळं तीन आठवड्यांत आटोपायचं. डबी चुलीजवळच्या फळीवर राहिली तर बोट तिकडे जाणारच. जाता जाता तोंडही बघा. पांढरा किंवा लाल न जाणारा चट्टा असेल किंवा तीन बोटं उभी आत जात नसतील, तर दंतवैद्याला दाखवा.

प्रश्न : निकोटिनचा गम आणला. तोंडात आग, उचक्या, आणि तल्लफ काही जाईना. चार दिवसांत टाकून दिला. माझ्यासाठी दुसरा काही उपाय? (पुणे)

उपाय तोच, चघळण्याची पद्धत बदला. नाव ‘गम’ असल्यानं लोक तो च्युइंगमसारखा सतत चावतात. मग निकोटिन भराभर सुटतं, थुंकीबरोबर पोटात जातं, तिथून उचक्या आणि जळजळ होते. पोटात गेलेलं निकोटिन तल्लफेच्या कामीही फारसं येत नाही.

दहा-पंधरा वेळा सावकाश चावा. जिभेला मिरीसारखी चुणचुण लागली की थांबा. आता गोळी गाल आणि हिरडी यांच्या खाचेत ठेवून द्या, तंबाखूचा बार ठेवतात अगदी तिथेच. मिनिटाभरानं चुणचुण ओसरली की पुन्हा दोन-चार वेळा चावा आणि दुसऱ्या गालात ठेवा. एक गोळी अर्धा तास पुरते. त्याआधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक काही नाही. ही पेयं तोंड आंबट करतात आणि आंबट तोंडात निकोटिन शोषलंच जात नाही. वरच्या उत्तरातल्या चुन्याच्या बरोबर उलटा प्रकार. पुण्यात कटिंग घेता घेता गम चघळणारे बरेच असणार.

दुसरी चूक मात्रेची. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅम, नाहीतर २ मिलिग्रॅम. २ ची गोळी चिठ्ठीशिवाय मिळते, ४ ला चिठ्ठी लागते. आणि तल्लफ डोक्यात गेल्यावर एक, असं नाही. पहिले सहा आठवडे जागेपणी दर एक-दोन तासांनी एक, म्हणजे दिवसाला आठ ते बारा. पुढचे तीन आठवडे दर दोन ते चार तासांनी, शेवटचे तीन दर चार ते आठ तासांनी. दिवसाला दोन गोळ्या घेऊन ‘गम लागू पडत नाही’ म्हणणं म्हणजे अँटिबायोटिकचा पाव डोस घेऊन ताप जात नाही म्हणण्यासारखं आहे. कवळी असेल तर गम चिकटतो, त्यांनी पट्टी घ्यावी. पट्टी सकाळी, केस नसलेल्या कोरड्या दंडावर, दहा सेकंद तळहातानं दाबून लावायची, रोज जागा बदलायची, कापायची नाही. रात्री विचित्र स्वप्नं पडली तर झोपताना काढून टाका. पट्टी रोजची आणि अडीअडचणीला गम, ही जोडी एकट्या गमपेक्षा जास्त यशस्वी ठरते.

प्रश्न : सिगारेट सोडून आठ दिवस झाले. छातीत धडधड, झोप नाही, हात थरथरतात. सोडल्यामुळे हृदयावर ताण तर आला नाही ना? (ठाणे)

दिवसाला चहा-कॉफी किती होते? धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफीन फार लवकर निकामी करत असतं. सिगारेट सुटली की तो वेग मंदावतो आणि तेवढ्याच कपांतून रक्तात जवळपास दुप्पट कॅफीन साठतं. त्यात सिगारेटच्या जागी चहा वाढवलेला असतो. कप निम्मे करा आणि दुपारी चारनंतर बंद. चिडचिड, अस्वस्थता ही निकोटिन सुटल्याची लक्षणं आहेत. पहिले तीन दिवस सर्वात कठीण, बाकी दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. हृदयाकडे पाहिलं तर नाडी उलट कमी व्हायला लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तर पहिल्या एक-दोन दिवसांतच रक्तातून गेलेला असतो. धडधडीबरोबर चक्कर, दम किंवा छातीत दुखणं असेल, तर मात्र ईसीजी काढा. मधुमेहाच्या गोळ्या, वॉरफॅरिन किंवा दम्याची थिओफायलिन चालू असेल तर सिगारेट सोडल्याचं डॉक्टरांना कळवा, मात्रा बदलावी लागू शकते.

प्रश्न : पंचवीस वर्षं ओढतोय. ईसीजी, ट्रेडमिल, कोलेस्टेरॉल सगळं नॉर्मल. मग? (छत्रपती संभाजीनगर)

ईसीजी त्या क्षणाचा असतो. ट्रेडमिल साधारणपणे ७० टक्क्यांच्या वरचा अडथळा पकडते. झटके मात्र बऱ्याचदा त्याहून कमी अडथळ्याच्या जागी, चरबीच्या थराचा पापुद्रा फाटून त्यावर गुठळी धरल्यानं येतात, आणि सिगारेट नेमकं तेच घडवते. रिपोर्ट चांगला आहे तोवर सोडा. रिचर्ड डॉल यांनी ब्रिटिश डॉक्टरांची १९५१ पासून पन्नास वर्षं जी पाहणी केली, तिच्यात पन्नाशीला सोडणाऱ्यांना सरासरी सहा वर्षांचं आयुष्य परत मिळालं, साठीला सोडणाऱ्यांना तीन.

प्रश्न : वय ३७. गर्भनिरोधक गोळ्या घेते आणि ऑफिसात चार-पाच सिगारेटी होतात. (मुंबई)

इस्ट्रोजेन असलेली गोळी आणि सिगारेट ही जोडी पस्तिशीनंतर डॉक्टर टाळायला सांगतात, गुठळीचा धोका दोन्हीकडून वाढतो. स्त्रीरोगतज्ज्ञांना सिगारेटचं स्पष्ट सांगा. तांबी किंवा फक्त प्रोजेस्टेरॉनसारख्या संप्रेरकाची गोळी असे पर्याय आहेत. आधी गोळी आपल्याच मनानं बंद करू नका, दुसरी सोय ठरवून मगच.

प्रश्न : वडील हृदयरोगी आहेत. मी गॅलरीत दार लावून ओढतो. चालेल? (कोल्हापूर)

दाराच्या फटीतून आणि तुमच्या कपड्यांवरून धूर आत येतोच. दुसऱ्याच्या धुरात राहणाऱ्या न ओढणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी जास्त असतो. घरात, गॅलरीत, गाडीत नाही.

प्रश्न : रात्री छातीत जळजळ होते. सिगारेट ओढली की ढेकर येऊन मोकळं वाटतं, म्हणजे गॅसच ना? (जालना)

ढेकर आली म्हणून हृदय निर्दोष ठरत नाही. छातीच्या मध्यभागी दाब किंवा जळजळ, ती डावा हात, जबडा किंवा पाठीत सरकणं, घाम, धाप, आणि पंधरा मिनिटांत न थांबणं, यातलं काही असेल तर सिगारेट नाही, सोडा नाही, १०८ ला फोन. निकोटिन आधीच अरुंद झालेली रक्तवाहिनी आणखी आवळतं. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी, अल्सर किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ३०० मिलिग्रॅमची साधी गोळी चावून खा. वरून आवरण असलेली असेल तरी चावूनच, गिळायची नाही. स्वतः गाडी चालवू नका. आणि दुखणं किती वाजता सुरू झालं ते कागदावर लिहून ठेवा. तालुक्याच्या रुग्णालयात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं की नाही, हे त्या वेळेवरून ठरतं.

सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे. सिगारेटच्या पाकिटावरही तो छापलेला असतो.